सरकारी नोकरीतला खरा बोनस

जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने आठव्या वेतन आयोगाची घोषणा केली, तेव्हापासून सरकारी कार्यालयांत आणि कर्मचारी संघटनांच्या बैठकांत एकच प्रश्न फिरतो आहे : फिटमेंट फॅक्टर किती मिळणार? सातव्या आयोगात तो २.५७ होता. मूळ वेतनाला त्याने गुणले गेले आणि किमान वेतन ७,००० रुपयांवरून १८,००० वर पोचले. खिडकीबाहेर कागद हातात धरून उभा असलेला माणूस मात्र दुसराच प्रश्न विचारतो : एवढा पगार घेऊन हे लोक काम का करत नाहीत? प्रश्न दोन टोकांचे असले तरी त्यांच्या पोटातली समजूत एकच आहे. पगाराचा आकडा आणि कामाचा उरक एकाच दोरीला बांधलेले आहेत, एक वर गेला की दुसऱ्याने वर जायलाच हवे, ही ती समजूत. पुराव्याला लावून पाहिली तर ती फारशी टिकत नाही. नोकरीत आलेल्या माणसाचे काम पगाराच्या रकमेने फार बदलत नाही. तो पगार त्याला कशाबद्दल मिळतो, याने बदलते. आणि आपल्याकडे सरकारी माणसाला ज्या रूपात वागणुकीनुसार मोबदला मिळतो, ते रूप पगारपत्रकात कुठेच नसते. ते असते बदलीच्या आदेशात.

आधी पगाराचाच हिशेब पुरा करू. इंडोनेशियाने २००५ मध्ये शिक्षकांसाठी कायदा केला आणि प्रमाणपत्र मिळवणाऱ्या शिक्षकाला मूळ वेतनाइतकाच भत्ता देऊ केला. थोडक्यात, मूळ पगार दुप्पट. सगळ्यांना तो एकदम देणे शक्य नव्हते, म्हणून शिक्षकांच्या रांगा लागल्या. अभ्यासकांनी त्या रांगेचा उपयोग करून घेतला. ३६० शाळा घेतल्या, त्यांतल्या काही चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडल्या आणि तिथल्या पात्र शिक्षकांना हा भत्ता लवकर मिळेल अशी व्यवस्था केली. दोन-तीन वर्षांनी दोन्ही गटांची तुलना झाली. ज्यांचा पगार वाढला ते शिक्षक नोकरीवर जास्त खूश होते, पैशांची ओढाताण कमी झाली होती, जोडधंदे करणाऱ्यांचे प्रमाण घटले होते. पगारवाढीच्या समर्थकांनी जे जे सांगितले होते ते सगळे घडले. फक्त मुलांच्या शिकण्यात काडीचा फरक पडला नाही. शिक्षक सुखी झाला, आणि तो सुखी होणे ही काही वाईट गोष्ट नाही. पण सुखी शिक्षक आपोआप जास्त शिकवतो, हे गृहीतक मात्र पडले. भत्ता प्रमाणपत्राबद्दल होता. वर्गात काय चालते याच्याशी त्याचा संबंधच नव्हता.

भारतातले चित्र याहून निराळे नाही. २००३ मध्ये देशभरातल्या सरकारी प्राथमिक शाळांना अचानक भेटी देऊन शिक्षकांची हजेरी मोजण्यात आली. दर चार शिक्षकांमागे एक जागेवर नव्हता, आणि शाळेत असलेल्यांतलेही सगळे शिकवत नव्हते. एकूण शिक्षकांपैकी जेमतेम निम्मे शिकवताना आढळले. झारखंडमध्ये गैरहजेरी ४२ टक्के होती, महाराष्ट्रात सुमारे १५ टक्के, म्हणजे पाहणी झालेल्या राज्यांत सर्वांत कमी. मराठी वाचकाने या आकड्यावर खूश व्हायला हरकत नाही, पण त्याच पाहणीतला दुसरा निष्कर्ष जास्त महत्त्वाचा आहे. जास्त पगार घेणारे वयस्क शिक्षक आणि मुख्याध्यापक कमी पगाराच्या शिक्षकांपेक्षा जास्त हजर असत, असे दिसले नाही. उलट त्यांची गैरहजेरी थोडी अधिकच होती. हजेरीचा संबंध दिसला तो इतर गोष्टींशी. अलीकडे तपासणी झालेल्या शाळेत, पक्क्या रस्त्याजवळच्या शाळेत आणि इमारत बरी असलेल्या शाळेत शिक्षक जास्त सापडत.

पगार वाढवला की लाच बंद होते, हा युक्तिवाद याच घराण्यातला आणि दिसायला फार गोंडस. घानाने २०१० मध्ये पोलिसांचे पगार दुप्पट केले. लांब पल्ल्याच्या मालवाहू ट्रकांनी रस्त्यावरच्या नाक्यांवर किती पैसे दिले याच्या नोंदी आधीपासून ठेवल्या जात होत्या, त्यामुळे पुढे काय झाले ते नेमके कळले. शेजारच्या बुर्किना फासोतले पोलीस आणि घानाचेच कस्टम्सवाले यांच्याशी तुलना केली, तर पगार वाढलेल्या पोलिसांनी उकळलेली रक्कम कमी होण्याऐवजी वाढली. पकडले जाण्याची भीती नसेल तर वाढलेला पगार लाचेची गरज कमी करतो, लाचेची हौस नाही.

मग पगाराचा उपयोग काहीच नाही का? आहे, आणि मोठा आहे. पण तो माणूस नोकरीत येण्याच्या क्षणी. मेक्सिकोने २०११ मध्ये मागास भागांसाठी विकास कर्मचारी भरले, तेव्हा काही ठिकाणी जाहिरातीत महिना ३,७५० पेसो आणि काही ठिकाणी ५,००० पेसो पगार दिला. जिथे पगार जास्त तिथे अर्जदारांची बुद्धिमत्ता, अनुभव आणि आधीची कमाई सरस होती. पैशाला भुलून आलेल्यांत सेवाभाव कमी असेल, ही शंकाही खोटी ठरली. तेव्हा चांगली माणसे हवीत तर चांगला पगार द्या, हे म्हणणे बरोबर आहे. ते महाराष्ट्रात कुठे लागू पडते, हे मात्र पाहायला हवे. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी १७ लाखांहून अधिक. या रांगेला आणखी पगाराचे आमिष दाखवून सरकारच्या पदरात काय पडणार? रांग अजून लांबेल आणि स्पर्धा परीक्षांच्या क्लासवाल्यांचे फावेल. सातव्या आयोगासाठी अहमदाबादच्या आयआयएमने केलेल्या पाहणीत सरकारातल्या सर्वांत खालच्या पायरीवरच्या मदतनिसाचे एकूण वेतन २२,५७९ रुपये निघाले. खासगी आस्थापनांत तशाच कामाला ८,००० ते ९,५०० रुपये मिळत होते. वरच्या टोकाला, तज्ज्ञ डॉक्टर किंवा अनुभवी अभियंता यांच्या बाबतीत, पारडे उलट झुकते आणि म्हणून ग्रामीण रुग्णालयांत भूलतज्ज्ञ मिळत नाही. रांग कुठे आहे आणि जागा कुठे रिकाम्या आहेत हे न पाहता सगळ्यांना एकाच गुणकाने गुणायचे, ही आयोगांची पद्धत. न्यायाची वाटते, म्हणून ती चालते.

इथे एक गैरसमज मात्र होऊ देता कामा नये. जास्त पगाराने काम वाढत नाही, म्हणून कमी पगारात तेच काम उरकून घ्यावे, हा निष्कर्ष यातून निघत नाही. महाराष्ट्राने २००० पासून शिक्षणसेवक नावाची चूल मांडली : नवा शिक्षक पहिली तीन वर्षे मानधनावर, बाजूच्या वर्गातल्या सहकाऱ्याच्या पगाराच्या एका तुकड्यावर. प्राथमिक शिक्षणसेवकाला २०२३ पर्यंत महिना ६,००० रुपये मिळत, मग ते १६,००० झाले. कंत्राटी शिक्षकही कायम शिक्षकाइतकेच शिकवतात, असे आंध्र प्रदेशातल्या अभ्यासाने दाखवले हे खरे. पण त्यांच्या कामामागे कमी पगार होता की नूतनीकरणाची टांगती तलवार, हा प्रश्न उरतोच. केनियात याचे उत्तर मिळाले. तिथे कंत्राटी शिक्षकांचा कार्यक्रम स्वयंसेवी संस्थेने चालवला तेव्हा मुले जास्त शिकली. तोच कार्यक्रम सरकारी यंत्रणेने चालवायला घेतला तेव्हा परिणाम शून्य. शिक्षक तसेच, करार तसाच. बदलला तो त्यांच्यावर देखरेख करणारा हात.

कामाशी पगाराची सांगड घालावी, हे आयोगांना कळत नव्हते असे नाही. न्या. श्रीकृष्ण यांच्या सहाव्या आयोगाने २००८ मध्ये सर्वांना २.५ टक्के वार्षिक वाढ आणि वरच्या श्रेणीतल्या सरस ठरलेल्या २० टक्क्यांपर्यंत अधिकाऱ्यांना ३.५ टक्के, अशी शिफारस केली. सरकारने काय केले? सगळ्यांना सरसकट ३ टक्के देऊन टाकले. सातव्या आयोगाने कामगिरीनुसार वेतन पुन्हा सुचवले, आणि सेवेच्या पहिल्या २० वर्षांत ठरलेला दर्जा न गाठणाऱ्यांची वेतनवाढ थांबवावी असेही लिहिले. लिहिले गेले, छापले गेले. महाराष्ट्रात आजही पगार वाढतो तो कॅलेंडरच्या पानांबरोबर : वार्षिक वेतनवाढ ठरलेल्या तारखेला, आणि पदोन्नती मिळाली नाही तरी आश्वासित प्रगती योजनेचे दहा-वीस-तीस वर्षांचे टप्पे. मधे गाळणी आहे ती गोपनीय अहवालाची. ती गाळणी काही गाळत का नाही, हे समजायला अहवाल लिहिणाऱ्याच्या खुर्चीत बसून पाहावे. समजा एका नायब तहसीलदाराने आपल्या कारकुनाला 'साधारण' शेरा दिला. २००८ च्या देव दत्त खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्रत्येक शेरा संबंधिताला कळवावाच लागतो, आणि ते न्यायाचेच आहे. कारकून अभिवेदन करणार, त्यावर नायब तहसीलदाराला खुलासा लिहावा लागणार, वरिष्ठ फाइल परत पाठवणार, संघटनेचे पदाधिकारी भेटायला येणार, आणि सोमवारी सकाळी त्याच कारकुनाकडून विधानसभेच्या तारांकित प्रश्नाची माहिती दोन तासांत काढून घ्यायची असणार. 'उत्कृष्ट' लिहायला मात्र दोन मिनिटे लागतात. हे त्या अधिकाऱ्याचे भेकडपण नाही. खरे लिहिण्याची किंमत त्याने मोजावी आणि फायदा भलत्यांना व्हावा, अशी ती रचनाच आहे.

सांगड घातली तर काय होते, याचाही पुरावा आहे. आंध्र प्रदेशात २००५ पासून ग्रामीण सरकारी शाळांतल्या शिक्षकांना मुलांच्या गुणांतल्या वाढीनुसार बोनस दिला गेला. सरासरी बोनस वार्षिक पगाराच्या ३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे एका वेतनवाढीएवढा. दोन वर्षांत त्या शाळांतली मुले गणित आणि भाषा दोन्हींत इतरांपेक्षा स्पष्ट पुढे गेली, आणि ज्या विषयांवर बोनस नव्हता त्या विज्ञान व समाजशास्त्रातही पुढे गेली. शिक्षकांची हजेरी वाढली नाही, पण जे हजर होते त्यांनी जास्त शिकवले, जादा तास घेतले. इंडोनेशियात मूळ पगार दुप्पट करून जे झाले नाही, ते इथे एका वेतनवाढीच्या रकमेने झाले. फरक एवढाच की ती रक्कम आपोआप मिळणार नव्हती, आणि परीक्षा शिक्षकांच्या ताब्यात नव्हती. ती बाहेरच्यांनी घेतली.

यावर नेहमीचा आक्षेप असा की सरकारी काम मोजता येत नाही. आक्षेपात तथ्य आहे, पण तो घेणारे सरकार स्वतःच तो कुठे पाळते आणि कुठे मोडते, हे पाहण्यासारखे आहे. ग्रामीण आरोग्याची सगळी इमारत जिच्या खांद्यावर उभी आहे ती आशा सेविका कागदोपत्री कर्मचारीच नाही, 'स्वयंसेविका' आहे. तिच्या कमाईचा एक भाग कामागणिक मोजून दिला जातो. जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण भागातल्या एका संस्थात्मक बाळंतपणामागे तिला ६०० रुपये : त्यातले ३०० गरोदरपणातल्या तपासण्यांसाठी, ३०० बाळंतिणीला दवाखान्यात नेण्यासाठी. लसीकरण पूर्ण झाले की वेगळे, क्षयरोग्याचे उपचार पूर्ण झाले की वेगळे. म्हणजे ज्या राज्यकर्त्यांना उपसंचालकाचे काम मोजता येत नाही, त्यांना खेड्यातल्या एका बाईचे काम रुपयापर्यंत मोजता येते. मोजणे अवघड नसते. ज्याला मोजायचे त्याच्यामागे बलाढ्य संघटना असली की ते अवघड होते. आणि असे तुकड्यांत मोजल्याचे तोटेही तिथेच दिसतात. यादीत नसलेले काम, नवऱ्याच्या मारहाणीने खचलेल्या बाईशी तासभर बोलत बसणे, याचे पैसे नाहीत. आणि जेवढी कमाई कामागणिक, तेवढी महिन्याची जोखीम तिच्या पदरात.

दुसरा धोका पाकिस्तानातल्या पंजाबने दाखवला. तिथे मालमत्ता कर वसूल करणाऱ्या पथकांना जादा वसुलीतला वाटा बोनस म्हणून देण्यात आला. वसुली वाढली, खर्च वजा जाता सरकारला फायदा झाला. पण बारकाईने पाहिल्यावर दिसले की ही वाढ थोड्या मालमत्तांची नव्याने आकारणी केल्यामुळे होती. बाकीच्या मालकांनी सांगितले की लाचेचा दर चढला. तडजोड न केल्यास आता निरीक्षकाला बोनस मिळत होता, मग तडजोडीची किंमत त्याने वाढवली. पैशाने बांधलेली सांगड अशी दोन्ही बाजूंनी कापते.

आता पोस्टिंगकडे येऊ. पंचेचाळिशीतल्या एका उपअभियंत्याचा विचार करा. मुलगा पुण्यात अकरावीत, बायको ठाण्यात नोकरीला, आईवडील गावी. त्याला वर्षाला लाखभर रुपये बोनस दिला काय किंवा न दिला काय, त्याच्या आयुष्याला त्याहून मोठी कलाटणी एक बदलीचा आदेश देतो. घर, शाळा, दवाखाना, आणि ज्यांना वरकमाई हवी असते त्यांच्यासाठी ती 'मलईदार' जागा. सगळे त्या एका पानात. मोक्याची पोस्टिंग आणि साइड पोस्टिंग यांतले अंतर कोणत्याही वेतनश्रेणीतल्या अंतरापेक्षा मोठे असते. हे पान कोणाच्या शब्दावर निघते, हे प्रत्येक कर्मचाऱ्याला पाठ असते, आणि माणूस ज्याच्याकडून मिळते त्याच्यासाठी राबतो. रॉबर्ट वेड यांनी दक्षिण भारतातल्या पाटबंधारे खात्याचा अभ्यास करून १९८० च्या दशकातच लिहून ठेवले की कालव्यांवरच्या जागा पैसे मोजून विकत घेतल्या जातात आणि ते पैसे पुढे पाण्यातून वसूल होतात. आयएएस अधिकाऱ्यांच्या बदल्यांवरच्या पुढच्या संशोधनात दिसले की मुख्यमंत्री बदलला की बदल्यांची लाट येते, आणि महत्त्वाच्या जागी पोचायच्या दोन वाटा आहेत : कर्तबगारी किंवा निष्ठा. म्हणून सरकारी माणूस काम करत नाही, ही तक्रार अर्धवट आहे. तो करतो, धावपळ करतो, रात्री फोन उचलतो. फक्त खिडकीबाहेरच्या माणसासाठी नाही.

महाराष्ट्राच्या विधिमंडळाला हे नाते एकदा नेमके उमगले होते. २००५ चा बदल्यांचा कायदा, अण्णा हजारे यांच्या आंदोलनांच्या रेट्यातून झालेला, बदल्यांचे विनियमन आणि कामातल्या दिरंगाईला प्रतिबंध या दोन गोष्टी एकाच अधिनियमात आणतो. साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ, एप्रिल-मे मध्येच बदल्या. आणि दुसऱ्या भागात, एका टेबलावर फाइल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. एका कायद्यात ठेवल्या, पण एकमेकींना जोडल्या नाहीत. सात दिवसांत फाइल काढणाऱ्याला पुढच्या जागेची निवड आधी, असे कुठेच म्हटले नाही. उलट अपवादात्मक परिस्थितीत, विशेष कारणे नोंदवून, मुदतीआधी बदली करण्याची खिडकी ठेवली, आणि त्या खिडकीतून पुढे वरात गेली.

जोडल्या असत्या तर? त्याच पाकिस्तानी पंजाबात, त्याच खात्यात, अभ्यासकांनी पुढे दुसरा प्रयोग केला. या वेळी पैसे नाहीत. ५२५ कर निरीक्षकांना गटांत विभागले आणि सांगितले : वर्षाअखेर वसुलीतल्या वाढीनुसार गटात क्रम लागेल, आणि पहिला येईल तो पुढची जागा आधी निवडेल, मग दुसरा, मग तिसरा. दोन वर्षे चाललेल्या या प्रयोगात कर वसुलीच्या वाढीचा वेग ३० ते ४१ टक्क्यांनी चढला. बोनसच्या योजनेच्या तोडीचा परिणाम, आणि तिजोरीतून रुपया गेला नाही. बदल्या तर होणारच होत्या. त्या कोण ठरवणार, एवढेच बदलले.

लोकनियुक्त सरकारला आपली माणसे निवडण्याचा हक्क हवा, असे यावर म्हटले जाईल. सचिवांच्या आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या बाबतीत ते मान्य करायला हवे. धोरण राबवायचे तर विश्वासाचा माणूस लागतो. पण मंडळ अधिकारी, दुय्यम निबंधक किंवा महावितरणचा कनिष्ठ अभियंता यांच्या नेमणुकीत कोणते धोरण अडले आहे? वसुली, नोंदणी, वीजगळती मोजता येते. तिथे क्रम लावावा आणि आकडे त्या कार्यालयाबाहेरच्या यंत्रणेने तपासावेत. शिक्षक, परिचारिका, पोलीस यांचे काम असे मोजू नये, मोजले तर कागदच रंगतील. तिथे निदान बदली माणसाच्या हातून काढून नियमाच्या हाती द्यावी. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बाबतीत महाराष्ट्राने २०१७ च्या शासन निर्णयाने हे बरेचसे केले आहे. बदल्या संगणकावर, चार संवर्गांत : आजारी, दिव्यांग, विधवा असे पहिल्यात, पती-पत्नी एकत्रीकरण दुसऱ्यात, अवघड क्षेत्रात सेवा केलेले तिसऱ्यात, बाकीचे चौथ्यात. खोट्या वैद्यकीय प्रमाणपत्रांच्या तक्रारी झाल्या, न्यायालयात खेपा झाल्या, पण शिफारसपत्राचे वजन उतरले.

त्यातला तिसरा संवर्ग इतर खात्यांनी उचलण्याजोगा आहे. आजही गडचिरोलीची बदली शिक्षा म्हणून सांगितली जाते. ती शिक्षा खरे तर गडचिरोलीला असते : जिथे चांगल्या डॉक्टरची आणि अभियंत्याची सर्वांत जास्त गरज, तिथे नावडता किंवा नाराज माणूस धाडायचा. सरकार नक्षलग्रस्त आणि आदिवासी भागात काम करणाऱ्यांना २००२ पासून एकस्तर वेतनश्रेणी देते. म्हणजे पैशाचा मोबदला आहे, तरी जागा रिकाम्या राहतात. भामरागडला तीन वर्षे काढली की पुढची जागा तू निवडायचीस, मंत्रालयात खेप न घालता, ही हमी त्या पैशांपेक्षा तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याला कितीतरी मोलाची वाटेल. अर्थात ती हमी पाळली गेली तर. एकदा मोडली की पुढची दहा वर्षे कोणी तिच्यावर विश्वास ठेवणार नाही.

न्या. रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखालील आठव्या आयोगाला अहवालासाठी १८ महिने दिले आहेत. तो आल्यावर मुंबईत राज्याची समिती बसेल, जशी सहाव्या वेळी हकीम समिती आणि सातव्या वेळी बक्षी समिती बसली होती. तिच्यासमोर संघटना गुणक मागतील, वित्त विभाग तो कमी करू पाहील. त्या समितीच्या कार्यकक्षेत गट ब आणि गट क च्या बदल्यांचे निकष एवढा एक मुद्दा घालायला पैसे लागणार नाहीत. लागेल ती सही, आणि ती ज्यांनी करायची त्यांच्याच दारात दर एप्रिलमध्ये शिफारसपत्रासाठी गर्दी असते.